शिवून ठेवलेली उत्तरं

मी एक जुना सरावसंच आहे, आणि तुम्ही मला कुठून उघडलंत ते मी पाहिलं आहे. पुढून उघडलंत ना? बरं. तरी तुमचा अंगठा मागच्या पानांकडे वळवळत होता, तेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. राग मानू नका, मित्रांनो. माझा स्वभावच संशयी आहे. तो तसा का झाला हे ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल की बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. आणि शेवटपर्यंत ऐकलंत तर म्हणाल की चुकलं. तेही मी आधीच कबूल करून ठेवतो.

इंग्रजीतले काळ शिकवणं हे माझं काम. बारा काळ, बारा धडे. प्रत्येक धड्यात दहा वाक्यं आणि प्रत्येक वाक्यात एक रिकामी जागा. मी रोज जातो, आत्ता जात आहे, काल गेलो, केव्हाच गेलेलो आहे, उद्या जाईन, हे सगळं इंग्रजीत सांगायचं तर क्रियापदाचं कोणतं रूप घ्यायचं, ते त्या रिकाम्या जागेत भरायचं. आणि सगळ्यात शेवटी चार पानं उत्तरांची! ज्या कुणा शहाण्यानं ती पानं माझ्याच पोटाला चिकटवली, त्यानं माझ्या जन्माचं वाटोळं केलं. तिजोरीची किल्ली तिजोरीच्याच कडीला टांगायची आणि वर म्हणायचं, बाबा रे, राखण कर.

छापखान्यात मला दोन तारांनी टाचलं, पिवळं कव्हर चढवलं आणि दुकानाच्या काचेत उभं केलं. तेव्हा मी भोळा होतो. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायचो म्हणा ना.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते दोन वेण्यांच्या एका शाळकरी मुलीच्या वडिलांनी. मुलगी दिसायला गरीब गाय. घरी गेल्यावर तिनं मला उघडलं ते थेट मागून. पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात तिनं तीन धडे भरून टाकले. बरं, कॉपी करायची तर सरळ करावी! तीही नाही. दहापैकी दोन उत्तरं ती मुद्दाम चुकवायची, म्हणजे बाईंना शंका नको. बाईंनी माझ्या पानावर लाल शाईत लिहिलं, 'उत्तम. अशीच प्रगती कर.' माझ्या अंगावरची ती पहिली शाबासकी, आणि ती सपशेल खोटी. मी आतल्या आत जळत होतो, पण तोंड उघडायची सोय नाही.

पुढे परीक्षेत व्हायचं तेच झालं. मुलगी इंग्रजीत आपटली. वडील गरजले, "हे पुस्तकच बेकार निघालं!" पुस्तक बेकार! मी! त्यानंतरची सहा वर्षं मी एका डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली काढली. माझ्या कव्हरावरचा तो चौकोनी खड्डा तेव्हाचा आहे. त्या सहा वर्षांत मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि मी एकच निष्कर्ष काढला. माणूस कसाही असो, दार लावलं आणि बघणारं कुणी नसलं की तो मागची पानं उघडतोच.

नंतर मी रद्दीत गेलो आणि रद्दीतून जुन्या पुस्तकांच्या टपरीवर आलो. तिथं एका संध्याकाळी एक बाई आली. तिशीची असेल. अंगावर कारखान्याचा निळा झगा, उजव्या तर्जनीवर सुईचे बारीक बारीक टोचे. टपरीवाला म्हणाला, "हे घ्या ताई. मागं उत्तरं आहेत. शिकवणीची गरजच नाही." तिनं लगेच मला उलटं केलं आणि मागची पानं बघितली. आली परत तसलीच, मी म्हटलं.

घरी गेल्यावर तिनं काय करावं? खोडरबर घेऊन दोन दिवस बसली आणि त्या मुलीचं अक्षर न् अक्षर पुसून काढलं. आता पुरावा नष्ट करतेय, मी मनाशी नोंद केली. मग तिनं मला तपकिरी कागदाचं जाकीट चढवलं. त्या जाकिटाची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात असू द्या.

घरात दोघीच. ही सून आणि तिची सासू. नवरा मालाचा ट्रक चालवायचा, पंधरापंधरा दिवस बाहेर. सून ज्या शिलाईच्या कारखान्यात काम करायची, त्याच कारखान्यात सासूबाईंनी तीस वर्षं शर्टांच्या कॉलर जोडल्या होत्या. आता कारखान्यात सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. शिवणकामात सुनेचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कपड्यांच्या ऑर्डरी परदेशातून यायच्या, कागद सगळे इंग्रजीत, म्हणून त्या जागेसाठी इंग्रजीची परीक्षा होती. ही सातवीत शाळा सोडलेली. परीक्षेला तीन महिने होते.

"माझ्यासारखं करू नकोस बाई," सासूबाई म्हणाल्या. "तीन वेळा ती जागा निघाली. तिन्ही वेळा सगळे म्हणाले, हिलाच द्या. तिन्ही वेळा पुढ्यात इंग्रजी कागद ठेवला आणि मी खाली मान घालून परत मशीनवर. आता तू सोडायची नाही." मग त्यांनी मला हातात घेतलं, अर्थात उलटं धरलं, आणि डोळे बारीक केले. "उत्तरं मागं दिलीत म्हणतेस?"

"हो आई. आपलं आपल्याला तपासता येतं."

"म्हणजे बघताही येतं."

"मी नाही हो बघणार!"

"आज नाही बघणार. पण दमून आलीस, डोळ्यांवर झापड आली, दहावं वाक्य काही केल्या सुटेना, की हात आपोआप मागं जाईल. माझाही गेला असता. सुई आण."

आणि मित्रांनो, त्यांनी माझी ती चार पानं कडेनं चक्क शिवून टाकली! लाल दोरा, एकसारखे टाके, शेवटी पक्की गाठ. मला अगदी गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी माझ्याच जातीचं, माझ्याइतकंच संशयी माणूस भेटलं होतं.

त्या दिवसापासून नियम ठरला. आठवडाभर सुनेनं एक धडा वहीत सोडवायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सासूबाई टाके उसवणार, उत्तरं तपासणार आणि लगेच नव्या रंगाच्या दोऱ्यानं पानं पुन्हा शिवणार. जुन्या भोकात त्या कधीच सुई घालायच्या नाहीत. "जुन्या भोकात टाका सैल बसतो," म्हणायच्या. त्यामुळे दर वेळी भोकांची नवी ओळ आधीच्या ओळीच्या शेजारी यायची.

तुम्ही विचाराल, इंग्रजीचा गंध नसलेली बाई उत्तरं तपासणार कशी? आकारावरून! एक बोट माझ्या छापील उत्तरावर, दुसरं सुनेच्या वहीवर, आणि एकेक अक्षर लावून बघायचं, दोन कॉलर एकमेकींवर ठेवून मापात आहेत का बघावं तसं.

"हे पुस्तकातलं बघ, सरळ उभं आहे. तुझं कमरेत वाकलंय. फुली."

"अहो आई, ते एकच अक्षर आहे. मी जरा लपेटून काढलंय इतकंच."

"मला लपेटी कळत नाही. छापल्यासारखं काढ, नाहीतर फुली."

म्हणून सून छापल्यासारखं लिहायला शिकली. सासूबाईंच्या लाल पेन्सिलीची तिला साहेबापेक्षा जास्त धास्ती होती. पहिल्या धड्याला दहात तीन, दुसऱ्याला चार, पाचव्याला सात. कणीक मळताना ती मोठ्यानं म्हणायची, गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "म्हणजे काय गं ते?" ही सांगायची. मीही कान देऊन असायचो. रोज संध्याकाळी मी टाके मोजायचो, गाठ जागच्या जागी आहे का बघायचो. एकदाही टाका हललेला दिसला नाही. खरं सांगतो, मला थोडी निराशाच वाटायची.

नवव्या धड्याच्या आठवड्यात मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

भर दुपारची वेळ, सून कारखान्यात. सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली. खिडकीही लोटून घेतली. मग मला फळीवरून काढलं, पहिला धडा उघडला, डाव्या पानावर कॉलरच्या जुन्या नमुन्याचा एक कागद ठेवला आणि त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहीत बसल्या. काय लिहिलं ते मला दिसेना, कारण कागदाची पाठ माझ्याकडे होती. तासभर चाललं होतं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कात्री घेतली, आणि माझे टाके उसवले! आठवड्याच्या मध्यावर! उत्तरांवर बोट, कागदावर बोट, लाल पेन्सिलीनं भराभर खुणा. मग कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्या जाकिटात आत सरकवली, त्याच रंगाच्या दोऱ्यानं पानं पुन्हा शिवली आणि काही झालंच नाही अशा थाटात कपडे वाळत घालायला गेल्या.

चिठ्ठी! माझ्या पोटातून उत्तरं उतरवून, महत्त्वाच्या जागी खुणा करून परीक्षेसाठी तयार केलेली चिठ्ठी! मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. ज्या बाईवर मी आंधळा विश्वास टाकला तीच फितूर निघाली होती. संध्याकाळी सून आली तेव्हा सासूबाई नको इतक्या गोड बोलल्या. "दमलीस का गं? चहा टाकू?" असं त्या एरवी कधी विचारायच्या नाहीत. झालं, दोघींचं संगनमत आहे, मी ठरवून टाकलं.

बारावा धडा तपासून झाला, आता पानं पुन्हा शिवायचं कारण उरलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सून मला घरीच ठेवून गेली. चिठ्ठी माझ्या जाकिटात तशीच होती. कुणी म्हणेल, मग तरी संशय जायला हवा होता. छे! मी म्हटलं, दुसरी प्रत केली असणार.

निकाल लागला. सुनेला पन्नासपैकी सत्तेचाळीस. पुढचं मला नंतर तिच्या बोलण्यातून कळलं. काजं-बटणं करणारी एक बाई त्याच परीक्षेला बसली होती, तिला एकतीस मिळाले. ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाली, "सातवी शिकलेलीला सत्तेचाळीस? आणि अक्षर तर बघा, छापखान्यातून काढल्यासारखं. कुठंतरी पाणी मुरतंय." ते बोलणं मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांनी पेपर पुन्हा काढून बघितला, आणि अक्षर बघून त्यांनाही शंका आली. त्यांनी सुनेला निरोप धाडला. ज्यातून अभ्यास केलात ते पुस्तक घेऊन लगेच या. कॉपी ठरली, तर जागा राहिली बाजूला, आहे ती नोकरीही जाणार होती.

कारखाना दोन गल्ल्या सोडून. सून धावत घरी आली. सासूबाई पलंगपोस पिळत होत्या. सुनेनं दारातूनच सगळं सांगितलं आणि मला फळीवरून उचललं. मी तिच्या हातात दिसल्याबरोबर सासूबाईंचा चेहरा उतरला.

"पुस्तक कशाला न्यायचं? वही ने."

"पुस्तकच मागितलंय आई."

"मग आण इकडं, जरा पुसून देते."

"वेळ नाही हो!"

सासूबाईंनी पलंगपोस तसाच बादलीत टाकला आणि ओल्या हातांनी पायांत चपला सरकवल्या. "थांब. मी येते." वाटभर त्या मला मागत होत्या आणि सून म्हणत होती, आई, आता एवढं काय! माझी तर पाचावर धारण बसली होती. चिठ्ठी माझ्याच जाकिटात. पकडलं तर मीही चोराचा साथीदार!

साहेब साठीकडे झुकलेले, चष्मेवाले. सुरुवातीची पंधरा वर्षं त्यांनी कपडे तपासण्यात घालवली होती, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिची शिवण बघायचे. माझीही त्यांनी उसवलेली शिवणच बघितली.

"हे काय?"

"आई शिवतात, साहेब," सून म्हणाली. "धडा पूर्ण होईपर्यंत उत्तरं बंद. सुट्टीच्या दिवशी त्याच उसवतात आणि तपासतात. बारा धडे, बारा वेळा."

साहेबांनी टाचणी घेतली आणि माझ्या कडेच्या भोकांच्या ओळी मोजायला लागले. किती भरणार ते मला माहीत होतं. एक, दोन, तीन. दहा, अकरा, बारा.

"तेरा," साहेब म्हणाले. "बाई, धडे बारा आणि पानं उसवलीत तेरा वेळा."

"नाही साहेब, बाराच. आई, सांगा ना."

सासूबाई जमिनीकडे बघत उभ्या होत्या. साहेबांचं बोट जाकिटावरून फिरता फिरता थांबलं. तिथं फुगवटा होता. त्यांनी दोन बोटं आत घातली आणि चिठ्ठी बाहेर काढली. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. ती सासूकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, हे काय केलंत तुम्ही?"

"ती माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "हिला ठाऊकसुद्धा नाही. साहेब, उघडू नका. तुम्ही हसाल."

साहेबांनी घडी उघडली आणि कागद टेबलावर, माझ्या शेजारी पसरला. तेव्हा मी तो पहिल्यांदा सरळ बघितला. पहिल्या धड्यातली दहा वाक्यं. अक्षरं वेडीवाकडी, थरथरती, काही आरशात बघून काढावीत तशी उलटी. वाक्यांपुढे लाल पेन्सिलीच्या खुणा. सहा फुल्या आणि चार बरोबर. खाली, मोठ्या आकड्यात, चार.

"हे तुम्ही सोडवलंत, मावशी?"

"तीन महिने हिची अक्षरं लावून बघतेय. वाटलं, आपल्यालाही जमतंय का बघावं. या वयात कुणासमोर बसणार? म्हणून दार लावलं. तपासायला ती पानं उसवावीच लागली, एकाच जागी आहेत ना सगळी उत्तरं. पुन्हा नीट शिवून ठेवली, विचारा त्या पुस्तकाला."

विचारा पुस्तकाला! मित्रांनो, त्या क्षणी माझी दोन पानं फाडून मी त्यात तोंड लपवलं असतं.

"आणि तपासलं कुणी?"

"मीच."

"स्वतःला सहा फुल्या दिल्यात?"

"चुकलं ते चुकलं. शिवण वाकडी गेली तर उसवायची, त्यात विचारायचं काय?"

"पण दार लावलं होतंत. बघायला कुणी नव्हतं."

"मी होते की," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मावशी, तिसऱ्या वेळी तुमच्या पुढ्यात कागद ठेवणारा मीच होतो."

"आठवतंय मला," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम केलंत. आता हिच्या पुढ्यात ठेवा."

साहेबांनी त्याच दिवशी आलेला ऑर्डरचा एक कागद उचलून सुनेपुढे ठेवला. सुनेनं पदर सावरला, घसा साफ केला आणि वाचलं. एकदा अडखळली. मग सांगत गेली, "कापड आलेलं आहे. कापणी चालू आहे. बाह्या काल जोडायच्या होत्या, त्या जोडलेल्या नाहीत, म्हणून गिऱ्हाइकानं विचारणा केली आहे. माल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला जहाजावर चढेल." काय झालं, काय चालू आहे, काय व्हायचं आहे, तिनं सगळं नीट वेगळं काढून दाखवलं. मी मनातल्या मनात प्रत्येक क्रियापद तपासत होतो. एकही फुली पडली नाही.

"सोमवारपासून सुपरवायझरच्या टेबलावर बसा," साहेब म्हणाले. "आणि बाह्या जोडलेल्या नाहीत हे मलाही आत्ताच कळलं."

दोघी घरी परतल्या. दारात आल्यावर सून म्हणाली, "मी तुमच्यावर संशय घेतला, आई." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. मी पहिल्याच दिवशी तुझ्यावर घेतला होता. फिटंफाट. तो पलंगपोस पिळायला हात लाव." आणि दोघी हसत हसत मागच्या अंगणात गेल्या. मी फळीवर बसून होतो. माझी फिटंफाट कुणाशी व्हायची?

मित्रांनो, रीतीप्रमाणे मी आता तुम्हाला दोन शब्द सांगायला हवेत. जुनी पुस्तकं कपाटाच्या पायाखाली घालू नका, पाठ दुखते. लिहायचं तर पेन्सिलीनं लिहा, आमच्या नशिबात अजून कुणीतरी असू शकतं. आणि कुणी दार लावून काही करत बसलं असेल, तर चोरीच करत असेल असं माझ्यासारखं धरून चालू नका. कदाचित त्या माणसाला जे येत नाही ते शिकायचं असेल, आणि न येण्याची लाज वाटत असेल. मी त्या बाईवर पाळत ठेवून बसलो तेव्हा तिला थोड्या सोबतीची गरज होती. याचं मला फार वाईट वाटतं.

ती चिठ्ठी आता माझ्या जाकिटात लपवलेली नाही. सुनेनं ती पहिल्या धड्याच्या पानावर डकवली आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी आता सून सुई घेऊन बसते आणि लाल पेन्सिल तिच्या हातात असते. परवा दुसऱ्या धड्याला सासूबाईंना दहात पाच मिळाले. त्या म्हणाल्या, नीट बघ, अजून एखादी चूक सापडेल. सापडली. चार झाले. मग सून पानं शिवायला लागली, तेव्हा सासूबाई तिच्या हातावर वाकून म्हणाल्या, "जरा जवळजवळ टाके घाल गं. माझा काही भरवसा नाही."

मी टाके अजूनही मोजतो. सवय काही जात नाही. परवाचे एकवीस होते.